बार्कलेची हजार मैलांची पैज

इंग्लंडमधील न्यूमार्केट येथे १ जून ते १२ जुलै १८०९ या काळात झालेली पायी चालण्याची पैज. स्कॉटलंडमधील युरीचा जमीनदार कॅप्टन रॉबर्ट बार्कले अ‍ॅलर्डाइस (१७७९–१८५४) याने ती जेम्स वेडरबर्न-वेब्स्टर याच्याशी एक हजार गिनींवर लावली होती. सलग एक हजार तास, दर तासाला एक मैल चालायचे, अशी अट होती. म्हणजे ४१ दिवस आणि १६ तास.

कसलेल्या चालणाऱ्याला हजार मैलांचे काही वाटले नसते. मेख होती ती दर तासाच्या अटीत. आज भराभर जास्तीचे मैल उरकावेत आणि उद्या ताणून द्यावी, ही सोयच नव्हती. बार्कलेने यातून हिशेबी वाट काढली. एक तास संपत आला की तो एक मैल चाले आणि पुढचा तास लागताच लगोलग दुसरा. अशी जोडी उरकली की मध्ये साधारण दीड तास हाती लागे. जेवण, पाय चोळून घेणे, झोप, सगळे त्यातच. वाट अर्ध्या मैलाची. जाऊन आले की मैल भरला. रात्रीसाठी वाटेवर दिवे लावले होते. दगाफटक्याच्या भीतीने तो पिस्तुले बाळगून चाले, आणि ही भीती अनाठायी म्हणता येत नाही, कारण बघ्यांनी आपापसांत लावलेल्या पैजा मूळ रकमेच्या कितीतरी पट होत्या.

पहिल्या आठवड्यात मैलाला सरासरी १५ मिनिटे लागत. शेवटच्या आठवड्यात २१. वजन सुमारे १४ किलोंनी घटले. अखेरच्या दिवसांत गर्दी इतकी लोटली की दोर बांधून वाट मोकळी ठेवावी लागली. १२ जुलैला दुपारी चारच्या आत हजारावा मैल पुरा झाला. पुढच्या काही दिवसांतच हा गृहस्थ वाल्खरेनच्या लष्करी मोहिमेवर निघून गेला!

त्या काळी चालणे, घोड्यांच्या शर्यती आणि मुष्टियुद्ध या साऱ्यांना पैशाचाच आधार होता. खुद्द बार्कलेने १८०१ मध्ये साडेएकवीस तासांत ९० मैल चालून पाच हजार गिनी जिंकल्या होत्या. १८११ मध्ये त्याने मुष्टियोद्धा टॉम क्रिब याला खडतर तालीम देऊन त्याची चरबी उतरवली. त्या सप्टेंबरात थिसलटन गॅप येथे क्रिबने पूर्वी गुलाम असलेल्या अमेरिकी टॉम मॉलिनोला हरवले.

न्यूमार्केटची नक्कल करणारे पुष्कळ निघाले. १८१५ मध्ये जॉर्ज विल्सनने ब्लॅकहीथवर २० दिवसांत हजार मैलांचा घाट घातला. पण गर्दी अनावर होऊन दंडाधिकाऱ्यांनी त्याला मध्येच अडवले. बार्कलेचीच अट घालून घेऊन ती पुरी करणाऱ्यांत १८६४ मध्ये ब्रॅडफर्ड येथे एमा शार्प ही स्त्रीही होती.