आरशाच्या खोक्यापासून मोबाइलच्या कॅमेऱ्यापर्यंत

हात कापावा लागलेला रुग्ण सांगतो, "डॉक्टर, त्या हाताची मूठ आवळली गेलीय, नखं तळव्यात रुततायत." घरच्यांना वाटतं, मनाचे खेळ! तसं नाही, ही वेदना खरी असते. अमेरिकन यादवी युद्धातल्या जखमी सैनिकांवर उपचार करणारे डॉ. सायलस वेअर मिचेल यांनी १८७१ मध्ये अशा अवयवाला 'फँटम लिंब' म्हटलं. नाव मिळालं, पण खात्रीचा उपाय मिळाला नाही.

१९९० च्या दशकात मद्रासमध्ये वैद्यकीय शिक्षण घेतलेले व्ही. एस. रामचंद्रन यांनी कॅलिफोर्नियात एक साधा प्रयोग केला. खोक्यात आरसा उभा केला. चांगल्या हाताचं प्रतिबिंब नेमकं नसलेल्या हाताच्या जागी दिसू लागलं. चांगली मूठ उघडली की 'ती' मूठही उघडताना दिसे, आणि काही रुग्णांची कळ तिथेच सैल पडे. १९९९ मध्ये पक्षाघाताच्या ९ रुग्णांवरही आरसा वापरून पाहिला गेला. आज फिजिओथेरपीत तो सर्रास दिसतो.

पण आरसा फक्त नक्कल करतो. दोन्ही हात गमावलेल्याला त्याचा काय उपयोग?

इथे ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी आली, म्हणजे कॅमेऱ्यातल्या खऱ्या दृश्यावर संगणकाने काढलेलं चित्र. (हा शब्द रूढ झाला तो बोइंगमध्ये, विमानातल्या तारा जोडणाऱ्या कामगारांना मदत करताना!) स्वीडनमधल्या मॅक्स ऑर्टिझ कॅटलन यांच्या गटाने उरलेल्या हातावर इलेक्ट्रोड लावून स्नायूंचे विद्युत संकेत पकडले. रुग्ण मनाने हात हलवू लागला की पडद्यावर त्याच्याच शरीराला जोडलेला हात हले. इतर उपायांनी न हटलेल्या १४ रुग्णांच्या वेदना १२ सत्रांनंतर बऱ्याच कमी झाल्या, असं त्यांनी २०१६ मध्ये मांडलं. तुलनेसाठी दुसरा गट मात्र नव्हता, म्हणून मी याला रामबाण म्हणणार नाही.

२०१० मध्ये आलेल्या किनेक्ट या खेळाच्या कॅमेऱ्याने अंगाला काहीही न चिकटवता सांध्यांची हालचाल टिपली. आता हे काम मोबाइलसुद्धा करू लागलाय. त्यामुळे गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तुम्ही गावी घरी व्यायाम करत असाल, तर गुडघा किती वाकला याचा अंदाज पडद्यावर मिळू शकतो. नुसता व्यायामाचा व्हिडिओ बघण्यापेक्षा हे बरं, कारण व्हिडिओ तुमची चूक पाहत नाही.

तरी कॅमेऱ्याला स्नायूचा ताठरपणा हाताला लागत नाही आणि तोल गेला तर तो सावरायला येत नाही. पहिली तपासणी प्रत्यक्षच करून घ्या. उभ्याने करायचे व्यायाम असतील तेव्हा घरातलं कुणीतरी शेजारी उभं राहू द्या.