वचक आणि पत : अठराव्या शतकातील मराठी सत्तेचा उत्तरेकडील लौकिक

परमुलखात एखाद्या प्रबळ राज्याचे नाव कोणत्या रीतीने घेतले जाते, हा प्रश्न वरकरणी गौण वाटतो. लढाया जिंकणे, मुलूख ताब्यात ठेवणे आणि वसूल गोळा करणे हीच राज्यकारभाराची खरी अंगे होत, असे सामान्यतः मानले जाते. परंतु मराठी भाषेने या बाबतीत एक सूक्ष्म भेद फार पूर्वीपासून सांभाळला आहे. ज्याच्या भयाने लोक आज्ञा पाळतात त्याचा ‘वचक’ असतो. ज्याच्या शब्दावर लोक विसंबतात त्याची ‘पत’ असते. वचक फौज असेपर्यंत टिकतो. पत ही फौज नसतानाही काम करते. एवढेच नव्हे, तर फौज संकटात सापडली असता तिच्या साहाय्यास धावून येते. अठराव्या शतकाच्या मध्यास मराठी सत्तेचा वचक जसजसा वाढत गेला तसतशी तिची पत घटत गेली, आणि या दोहोंमधील अंतराचा हिशेब अखेर पानिपतावर चुकता करावा लागला.

या इतिहासाचा आरंभ प्रतिकूल नव्हता. १७२९ साली महंमदखान बंगशाच्या वेढ्यात सापडलेल्या वृद्ध छत्रसालाने साहाय्य मागितले आणि पहिल्या बाजीरावाने बुंदेलखंडात धाव घेऊन त्याची सुटका केली. छत्रसालाने कृतज्ञतेने आपल्या राज्याचा सुमारे तिसरा हिस्सा बाजीरावास दिला. येथे मराठ्यांना जे मिळाले ते केवळ तलवारीच्या जोरावर नव्हे, तर उपयोगी पडल्यामुळे मिळाले. पुढे १७३५ मध्ये बाजीरावाची मातोश्री राधाबाई उत्तरेकडील तीर्थयात्रेस निघाली. त्या यात्रेत उदेपूर व जयपूर येथील दरबारांनी तिचा मोठा आदरसत्कार केला. सवाई जयसिंगाने तिच्या बडदास्तीत काही उणे पडू दिले नाही. ज्या राज्याच्या पेशव्याची आई परमुलखातून निर्धास्तपणे यात्रा करून येते, त्या राज्याविषयी तेथील सत्ताधाऱ्यांच्या मनात भयाखेरीज आणखीही काही असले पाहिजे, हे उघड आहे.

अर्थात हे चित्र सर्वथा उजळ होते असे मानणे योग्य होणार नाही. १७३४ मध्ये बुंदीच्या वारसातंट्यात मराठ्यांनी हात घातला आणि त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात हुरडा येथे राजपूत राजे त्यांच्या प्रतिकाराचा विचार करण्यासाठी एकत्र जमले. त्या बैठकीतून फारसे काही निष्पन्न झाले नाही. तथापि संशयाचे बीज तेव्हाच पडले होते. जयसिंगासारखा मुत्सद्दी जिवंत होता तोवर हा संशय वाटाघाटींच्या मर्यादेत राहिला. १७४१ साली माळव्याचा कारभार बादशाही सनदेने पेशव्यांकडे आला, त्यातही जयसिंगाची मध्यस्थी कारणीभूत झाली होती.

सप्टेंबर १७४३ मध्ये जयसिंग मरण पावला आणि जयपुरास वारसाचा तंटा उभा राहिला. ज्येष्ठ पुत्र ईश्वरीसिंग गादीवर बसला. परंतु उदेपूरच्या राजकन्येच्या पोटी जन्मलेल्या माधोसिंगाने पूर्वीच्या एका कराराच्या आधारे आपला हक्क सांगितला, आणि उदेपूरच्या राण्याने त्याचा पक्ष उचलला. मराठ्यांपुढे या वेळी दोन मार्ग होते. एका पक्षाचा न्याय मान्य करून त्याच्या पाठीशी ठामपणे उभे राहणे हा एक. किंवा तंट्यापासून अलिप्त राहणे हा दुसरा. प्रत्यक्षात तिसराच मार्ग अवलंबिला गेला. शिंद्यांचा कल आरंभी ईश्वरीसिंगाकडे होता, तर मल्हारराव होळकरांनी द्रव्याच्या अभिवचनावर माधोसिंगाचा पक्ष स्वीकारला. १७४७ मध्ये राजमहालच्या लढाईत ईश्वरीसिंग विजयी झाला. पण १७४८ च्या ऑगस्टमध्ये बगरू येथे मराठी फौजेपुढे त्याला नमावे लागले. कबूल केलेली रक्कम त्याच्याकडून उगवेना, तेव्हा १७५० च्या अखेरीस होळकरांची फौज पुन्हा जयपुरावर चालून आली. तिजोरीत पैसा नाही आणि दरबारात विश्वासू माणूस नाही, अशा अवस्थेत ईश्वरीसिंगाने आत्मघात केला.

माधोसिंग गादीवर आला तो मराठ्यांच्याच बळावर. तो त्यांचा ऋणी राहील अशी अपेक्षा असणे स्वाभाविक होते. परंतु ज्याला गादी मिळाली त्यानेही आपल्या पूर्ववर्तीची गती पाहिली होती. जयाप्पा शिंदे येऊन पोहोचले आणि मागण्या वाढल्या, तेव्हा हे साहाय्य कोणत्या भावाने विकत घेतले आहे ते त्याला कळून चुकले. १७५१ च्या जानेवारीत, शहर पाहण्यास व खरेदीस आत गेलेल्या मराठ्यांवर जयपूरच्या लोकांनी अकस्मात हल्ला केला आणि मोठी कत्तल केली. राधाबाईच्या यात्रेस त्या वेळी अवघी सोळा वर्षे झाली होती. शहर तेच, राजघराणेही तेच. बदलला होता तो मराठी माणसाकडे पाहण्याचा दृष्टिकोन.

या परिवर्तनाचे कारण केवळ एखाद्या सरदाराच्या लोभात शोधणे अपुरे ठरेल. मराठी राज्याची रचनाच अशी होती की दूरच्या मोहिमेचा खर्च त्या मोहिमेनेच भागवावा लागे. फौज कर्जावर उभी राही, सावकाराचे व्याज चढत जाई, आणि सरदाराला खंडणीची रक्कम हाती घेऊनच परतणे भाग पडे. पुण्याच्या दरबारालाही तोच घोर लागलेला असे. अशा स्थितीत स्नेही आणि शत्रू यांतील भेद देणेदाराच्या वहीपुरता उरतो. सावकाराकडे स्वतःची पत राखण्यासाठी राजपुतान्यातील पत खर्ची पडत होती, असे म्हटले तर ते वावगे होणार नाही.

बंगालमध्ये याच धोरणाचे आणखी एक रूप दिसून आले. १७४२ मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर बंगालवर चालून गेले. पुढील वर्षी स्वतः रघूजी तेथे गेले असता, त्यांना हुसकावून लावण्यासाठी पेशवे बाळाजी बाजीराव बंगालमध्ये उतरले. नबाब अलीवर्दीखानाने शाहू छत्रपतींसाठी चौथ आणि पेशव्यांच्या फौजेच्या खर्चासाठी २२ लक्ष रुपये देण्याचे कबूल केले. पेशव्यांनी रघूजींना मागे रेटले. नबाबाच्या दृष्टीने हा मराठी राज्याशी झालेला करार होता. परंतु त्याच वर्षी शाहूंनी पेशवे व भोसले यांचा तंटा मिटविताना बंगालचा प्रांत भोसल्यांच्या वाट्यास दिला, आणि १७४४ मध्ये भास्करराम पुन्हा बंगालच्या सीमेत शिरले. एका मराठ्यापासून बचाव व्हावा म्हणून दुसऱ्यास द्रव्य द्यावे आणि वर्षभरात पहिल्यानेच परत यावे, हा अनुभव नबाबाला आला. त्यानंतर मानकरा येथे तहाच्या मिषाने बोलावून त्याने भास्करराम व त्यांचे सोबती सरदार यांचा वध केला. हे कृत्य विश्वासघाताचे होते यात शंका नाही. मात्र ज्या भूमीत तहाच्या शब्दाला मोल उरत नाही तेथेच असा विश्वासघात सुलभ होतो, हेही दृष्टीआड करता येत नाही. स्वाऱ्या १७५१ पर्यंत चालू राहिल्या. अखेरच्या तहाने बंगालच्या चौथाईपोटी सालिना १२ लक्ष रुपये ठरले आणि ओरिसा भोसल्यांच्या हाती आला. हिशेबाच्या दृष्टीने हा विजयच होता.

या विजयाची दुसरी बाजू तत्कालीन वाङ्मयात नोंदली गेली आहे. बर्दवानच्या दरबारातील पंडित बाणेश्वर विद्यालंकार याने आपल्या ‘चित्रचंपू’ या संस्कृत ग्रंथात शाहूंच्या फौजेचे जे वर्णन केले आहे ते निर्दयतेचे आहे. गंगाराम नामक कवीचे ‘महाराष्ट्र पुराण’ हे बंगाली काव्य तर याहून अधिक बोधप्रद आहे. त्याच्या कथानकानुसार पृथ्वीवरील पापाचा भार हलका करण्यासाठी शिवाच्या आज्ञेने नंदी शाहू राजास प्रेरणा देतो. म्हणजे मराठे आरंभी दैवी कार्यासाठीच येतात. पुढे त्यांच्या हातून ब्राह्मण, वैष्णव आणि स्त्रिया यांचा छळ होऊ लागतो, तेव्हा देवी त्यांच्यावर रुष्ट होऊन नबाबास अनुकूल होते. मुसलमान नबाबाविरुद्ध आलेल्या हिंदू फौजेला बंगालच्या एका हिंदू कवीने प्रथम देवाचे पाठबळ दिले आणि नंतर काढून घेतले. परराज्यातील लोकमत कसे जिंकले जाऊ शकले असते आणि ते कसे गमावले गेले, याचे याहून स्पष्ट साक्ष्य मिळणे कठीण.

शब्दांचा इतिहासही हेच सांगतो. ‘बारगीर’ हा मूळचा फारसी शब्द. मराठी लष्करात स्वतःचे घोडे बाळगणारा तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर चाकरी करणारा तो बारगीर, असा व्यवस्थेतील साधा भेद होता. बंगालमध्ये याच शब्दाचे ‘बर्गी’ झाले आणि त्याचा अर्थ लुटारू असा रूढ झाला. मुलांना निजविण्याच्या गीतात हा शब्द शिरला आणि आजतागायत बंगाली घरांतून तो ऐकू येतो. कलकत्त्यात इंग्रजांनी १७४३ मध्ये मराठ्यांच्या भयाने खंदक खणावयास घेतला. तो पुरा झाला नाही आणि पुढे बुजविला गेला. तरी ‘मराठा खंदक’ हे नाव शहराच्या इतिहासात राहिले. महाराष्ट्राच्या स्वतःच्या भाषेतही ‘खंडणी’ या शब्दाचा प्रवास ध्यानात घेण्याजोगा आहे. ठराव करून निश्चित केलेली देय रक्कम हा त्याचा जुना दरबारी अर्थ. आज मात्र धाक दाखवून उकळलेला पैसा एवढाच त्याचा बोध होतो. देणाऱ्याने जो अर्थ पूर्वीच जाणला होता, तोच कालांतराने घेणाऱ्याच्या भाषेतही रूढ झाला.

१७५१ नंतरची दहा वर्षे या धोरणाची फळे एकामागून एक पदरात टाकीत गेली. १७५४ मध्ये जाटांच्या कुंभेरीस वेढा पडला आणि त्यात खंडेराव होळकर कामास आले. सुरजमल जाटाशी अखेर खंडणीवर तडजोड झाली. १७५५ मध्ये मारवाडच्या वारसातंट्यात नागोरच्या वेढ्यावर असताना जयाप्पा शिंद्यांचा दगा करून वध झाला. अयोध्येचा वजीर सफदरजंग पूर्वी मराठ्यांचा स्नेही होता. पुढे दिल्लीच्या कलहात मराठ्यांनी त्याच्या विरोधी पक्षास बळ दिले, आणि त्याचा पुत्र शुजाउद्दौला याच्या ताब्यातील काशी व प्रयाग या क्षेत्रांची मागणी पुण्याहून सुरूच राहिली. १७५८ मध्ये मराठी घोडी अटकेपावेतो पोहोचली, तेव्हा वचकाचा कळस झाला होता. १७६० मध्ये सदाशिवरावभाऊ उत्तरेत उतरले, तेव्हा पत किती उरली आहे हे दिसून आले. राजपूत राजे अलिप्त राहिले. माधोसिंगाने तर अब्दालीशी पत्रव्यवहार ठेवला होता. सुरजमल दिल्लीपर्यंत आला आणि परत गेला. शुजाउद्दौला नजीबखानाच्या आग्रहावरून अब्दालीस जाऊन मिळाला. पानिपतावर अडीच महिने कोंडलेल्या फौजेला पुरेशी दाणावैरण पुरवील असा प्रबळ सत्ताधीश आसपासच्या मुलखात उरला नव्हता.

१४ जानेवारी १७६१ च्या पराभवाची कारणे अनेक आहेत. लढाईची पद्धती, यात्रेकरूंचा व बुणग्यांचा लोंढा, तोफखान्याची मांडणी, सरदारांतील मतभेद आणि अन्नाची उपासमार या सर्वांचा विचार इतिहासकारांनी केला आहे. एकाकीपणा हे त्यांपैकी एकच कारण. तथापि उपासमारीचे मूळ बऱ्याच अंशी त्या एकाकीपणातच होते, ही गोष्ट नाकारता येणार नाही.

येथे मराठ्यांच्या बाजूनेही काही सांगणे न्यायाचे आहे. तत्कालीन कोणतीही फौज, मग ती मोगलांची असो, रोहिल्यांची असो वा अब्दालीची, याहून सौम्य नव्हती; १७५७ मध्ये अब्दालीच्या सैन्याने मथुरेत केलेला संहार प्रसिद्धच आहे. ‘चित्रचंपू’ व ‘महाराष्ट्र पुराण’ हे ग्रंथ पीडितांच्या बाजूचे आहेत आणि त्यांत काव्याची अतिशयोक्ती असणारच. परंतु या समर्थनाला एक मर्यादा आहे. अब्दाली लूट घेऊन परत जाणारा होता. मराठ्यांना उत्तरेत राहावयाचे होते, आणि बादशाहीच्या रक्षणाचा करार त्यांनी १७५२ मध्ये केला होता. ज्याला राहावयाचे असते त्याच्या वर्तनाचे माप लोक वेगळे लावतात.

पानिपतानंतर महादजी शिंद्यांनी उत्तरेत पुन्हा जम बसविला, पण राजपुतान्याशी तंटा सुटला नाही. १७८७ मध्ये लालसोट येथे जयपूर व जोधपूरच्या फौजा त्यांच्याविरुद्ध एकत्र आल्या. अखेर १८१७–१८ मध्ये उदेपूर, जोधपूर व जयपूर या राज्यांनी इंग्रज कंपनीशी तह करून तिचे संरक्षण पत्करले. स्वातंत्र्याची किंमत मोजून परक्याचा आश्रय घ्यावा असे त्यांना वाटले, यात कंपनीच्या कौशल्याइतकाच मागील पाऊणशे वर्षांच्या अनुभवाचाही भाग होता.

या सर्व काळात एक निराळा लौकिकही घडत होता. ज्या होळकर घराण्याच्या नावाने जयपूर धास्तावले होते, त्याच घराण्यातील अहिल्याबाईंनी काशीस विश्वनाथाचे मंदिर उभारले आणि आपल्या राज्याबाहेर दूरदूरच्या क्षेत्री घाट, विहिरी व धर्मशाळा बांधल्या. त्यांचे नाव उत्तरेत आजही आदराने घेतले जाते. त्यासाठी झालेला व्यय कोणत्याही मोठ्या मोहिमेच्या खर्चाशी तुलना करण्याजोगा नव्हता. परमुलखातील पत ही दुर्बळाची गरज आणि प्रबळाची चैन होय, अशी समजूत पुण्याच्या दरबारात असावी असे त्या काळाच्या व्यवहारावरून दिसते. वास्तविक प्रबळालाच तिची गरज अधिक असते. कारण त्याची फौज घरापासून सर्वांत दूर गेलेली असते.