मोटारीतील विद्युत उपकरणे आणि इंधनाचा हिशेब : एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :

मोटारीच्या इतिहासाचे लेखन बहुधा इंजिन, वेग आणि किंमत या तीन अंगांनी झालेले आहे. दिवे, पंखा, रेडिओ, वातानुकूलन ही साधने त्यात दुय्यमच राहिली. ही साधने बॅटरीवर चालतात, सबब त्यांचा इंधनाशी संबंध नाही, असा समजही सर्वत्र आढळतो. वस्तुतः पेट्रोल वा डिझेलच्या मोटारीत बॅटरी ही ऊर्जेची केवळ ठेव होय. ती ठेव भरण्याचे काम इंजिनालाच करावे लागते. विसाव्या शतकात मोटारीवरील हा भार कसा वाढत गेला आणि इंधन कार्यक्षमतेचे अधिकृत आकडे ठरवताना तो हिशेबाबाहेर कसा राहिला, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेण्यात आला आहे.

हँडलपासून डायनामोपर्यंत :

आरंभीच्या मोटारी हँडल मारून सुरू कराव्या लागत. रात्रीच्या प्रवासासाठी रॉकेलचे किंवा ॲसिटिलीनचे दिवे असत. ॲसिटिलीनच्या दिव्यात कॅल्शियम कार्बाइडवर पाणी ठिबकवून वायू तयार केला जाई. कार्बाइड वेगळे विकत घ्यावे लागे, त्यामुळे उजेडाचा खर्च मालकाला स्वतंत्रपणे दिसत असे. इतिहासाच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे, कारण पुढे हाच खर्च पेट्रोलच्या खर्चात मिसळून गेला.

हा बदल घडला तो १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीपासून. चार्ल्स केटरिंग यांनी या मोटारीसाठी विजेवर चालणारा स्टार्टर, दिवे आणि प्रज्वलन यांची एकत्रित यंत्रणा सिद्ध केली. केटरिंग यांनी पूर्वी दुकानातील गल्लायंत्रासाठी विजेची मोटर तयार केली होती. मोटर क्षणभरच चालवायची असेल तर तिच्यावर तिच्या क्षमतेहून अधिक भार टाकता येतो, हे त्यांनी त्या कामात हेरले होते. तेच तत्त्व त्यांनी स्टार्टरला लावले. एकच यंत्र इंजिन सुरू करताना मोटर म्हणून आणि इंजिन चालू झाल्यावर जनित्र म्हणून काम करी. हँडलचा धोका टळला, परंतु त्याबरोबरच इंजिनाच्या मागे जनित्र कायमचे लागले.

फोर्डच्या मॉडेल टी मोटारीत हा प्रवास संथ गतीने झाला. १९१५ पासून तिला विजेचे पुढचे दिवे मिळाले, ते मॅग्नेटोवर चालत. इंजिनाचा वेग वाढला की उजेड वाढे आणि वेग मंदावला की दिवे मिणमिणत. दिव्याचा उजेड इंजिनातूनच येतो, हे त्या काळच्या चालकाला वेगळे समजावून सांगण्याची गरज नव्हती. बॅटरी आणि व्होल्टेज-नियंत्रक सुधारत गेले, उजेड स्थिर झाला आणि हा संबंध नजरेआड झाला.

भाराचे गणित :

हा भार नेमका किती, हे अंदाजी गणिताने पाहता येते. आल्टरनेटरची कार्यक्षमता सुमारे ६० टक्के आणि इंजिनाची सुमारे ३० टक्के धरल्यास १०० वॅट विजेसाठी इंजिनाला साधारण १६७ वॅट यांत्रिक शक्ती द्यावी लागते आणि त्यासाठी सुमारे ५५० वॅट इतकी इंधनातील ऊर्जा जळते. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ किलोवॅट-तास ऊर्जा असते. म्हणजेच १०० वॅटच्या साधनाला तासाला सुमारे ६० मिलिलिटर पेट्रोल लागते.

हा खर्च तासाला आहे, किलोमीटरला नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने १०० किलोमीटर जाताना तो अवघा ०.१ लिटर भरतो. पण ताशी १५ किलोमीटरच्या गर्दीत तेच अंतर कापताना तो ०.४ लिटरवर जातो. मायलेजचा आकडा मात्र किलोमीटरमध्येच मोजला जातो. मराठीत बोलताना आपण 'गाडी ॲव्हरेज किती देते?' असे विचारतो. कोणत्या वेगाची आणि कोणती साधने चालू असतानाची ही सरासरी, हे त्या प्रश्नात विचारलेले नसते.

वाढता भार :

१९३० मध्ये अमेरिकेतील गॅल्विन बंधूंच्या कंपनीने 'मोटोरोला' नावाचा मोटारीतील रेडिओ बाजारात आणला. १९५० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकन मोटारी ६ व्होल्टवरून १२ व्होल्टवर गेल्या. मोठ्या इंजिनांना अधिक जोराचा स्टार्टर हवा होता आणि साधनेही वाढली होती. डायनामोची एक मर्यादा होती. इंजिन मंद चालत असताना तो पुरेशी वीज देत नसे. सिलिकॉन डायोड उपलब्ध झाल्यावर आल्टरनेटर व्यवहार्य ठरला आणि क्रायस्लर कंपनीने १९६० च्या व्हॅलियंट मोटारीत तो दिला. सिग्नलवर उभ्या असलेल्या मोटारीतही आता दिवे, पंखा आणि रेडिओ निर्धास्त चालू लागले. भार वाढवण्याची मुभा खऱ्या अर्थाने येथून मिळाली.

वातानुकूलन पॅकार्ड कंपनीच्या १९४० च्या मोटारींत प्रथम दिसले. काटेकोरपणे पाहता ते विद्युत उपकरण नव्हे, कारण त्याचा कॉम्प्रेसर पट्ट्याद्वारे थेट इंजिनावर चालतो. वीज लागते ती क्लच आणि पंख्यांना. विद्युत कॉम्प्रेसर २००४ च्या टोयोटा प्रियससारख्या संकरित मोटारीत आला. तथापि भाराच्या दृष्टीने वातानुकूलनासमोर इतर सर्व साधने किरकोळ ठरतात. अतिउष्ण हवामानात, विशेषतः लहान अंतराच्या प्रवासात, त्यामुळे इंधन कार्यक्षमता २५ टक्क्यांहून अधिक घटू शकते, असे अमेरिकी शासनाचे मार्गदर्शन सांगते.

तेलसंकट आणि चाचणीची चौकट :

ऑक्टोबर १९७३ च्या अरब तेलबंदीनंतर इंधनाचा हिशेब हा शासनाचा विषय झाला. अमेरिकेने १९७५ च्या कायद्यान्वये उत्पादकांच्या ताफ्यासाठी सरासरी इंधन कार्यक्षमतेचे निकष आणले. १९८५ साठी प्रवासी मोटारींचे लक्ष्य गॅलनला २७.५ मैल असे होते. त्यासाठी मोजमापाची एकच पद्धत आवश्यक होती. प्रयोगशाळेत रोलरवर मोटार ठरावीक चक्रानुसार चालवली जाई, मात्र वातानुकूलन प्रत्यक्ष चालू केले जात नसे. तुलनेसाठी अशी समान स्थिती ठेवणे शास्त्रीयदृष्ट्या गैर नव्हते. परंतु हाच आकडा पुढे विक्रीच्या जाहिरातीत आला, आणि ग्राहकाने तो स्वतःच्या रस्त्यावरचा मानला.

तक्रारी वाढल्यावर १९८५ पासून अमेरिकेत माहितीपट्टीवरील शहरी आकडा १० टक्क्यांनी व महामार्गाचा २२ टक्क्यांनी सरसकट कमी करून छापला जाऊ लागला. २००८ च्या मोटारींपासून ३५ अंश सेल्सिअस तापमानात वातानुकूलन चालू ठेवून घेतलेली चाचणी या गणितात समाविष्ट झाली. तेलबंदीपासून हे घडेपर्यंत तीन दशकांहून अधिक काळ गेला.

युरोपने निराळा मार्ग धरला. तेथे मूळ चाचणी तशीच ठेवून, २००९ च्या नियमाने चाचणीत न दिसणाऱ्या बचतीसाठी उत्पादकाला प्रतिकिलोमीटर ७ ग्रॅमपर्यंत कार्बन डायऑक्साइडची सवलत देऊ केली. एलईडी दिवे आणि अधिक कार्यक्षम आल्टरनेटर यांना तिचा लाभ मिळाला. एक विसंगती येथे लक्षात घ्यावी लागते : दिव्यांनी वाचवलेले इंधन मोजले गेले, पण दिव्यांनी जाळलेले इंधन मूळ चाचणीत मोजलेच जात नव्हते.

भारतीय संदर्भ :

भारतात मोटारींच्या प्रमाणीकरणाशी पुण्याचे नाव जोडलेले आहे. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या 'एआरएआय' या संस्थेचे आद्याक्षरी नाव मायलेजच्या जाहिरातींमुळे घरोघरी पोहोचले. येथील चाचणी चक्र युरोपच्या चक्रावर बेतलेले, मात्र कमाल वेग ताशी ९० किलोमीटरपर्यंत मर्यादित केलेले होते. त्या पद्धतीतही वातानुकूलन बंद ठेवूनच मोटार चालवली जाई. युरोपच्या समशीतोष्ण हवेत हे गृहीत एक वेळ चालू शकते. विदर्भातील मे महिन्यात ते कितपत लागू पडते, हा प्रश्न रास्त ठरतो. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींना इंजिनाबरोबर आपोआप लागणारा पुढचा दिवा अनिवार्य झाला. तेथे सुरक्षिततेला इंधनाहून अधिक महत्त्व दिले गेले, आणि ते योग्यच होते.

प्रयोगशाळेने न केलेला हिशेब व्यवहाराने मात्र आपल्या परीने केलेला दिसतो. घाट चढताना वातानुकूलन बंद करणारा चालक इंजिनावरील भार ओळखूनच तसे करतो. मुंबईत निळ्या-चंदेरी 'कूल कॅब'चे भाडे काळ्या-पिवळ्या टॅक्सीपेक्षा अधिक ठरवले गेले. १ फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरसाठी हे भाडे अनुक्रमे ४८ आणि ३१ रुपये झाले. या १७ रुपयांच्या फरकात मोटारीची किंमत, देखभाल आणि जादा इंधन असे सारेच एकत्र धरलेले आहे. त्यातील इंधनाचा वाटा केवळ भाडेदरावरून वेगळा काढता येत नाही.