अंगणातील दुर्गरचना

सहामाही परीक्षा आटोपून दप्तरे खुंटीला लागली, की वाड्यांच्या चौकांत, चाळींच्या मोकळ्या कोपऱ्यांत आणि खेड्यांतील अंगणांत जे बांधकाम सुरू होते, त्याला मुहूर्त नाही, मंत्र नाही आणि पुरोहितही नाही. दिवाळीतील बाकीचे सारे आचार वडीलधाऱ्यांच्या हाती असताना मातीचा किल्ला तेवढा सर्वस्वी मुलांच्या अखत्यारीत राहिला, आणि माझ्या मते या प्रथेचे खरे मोल तेथेच आहे.

किल्ला मुलांच्या खेळात शिरावा, हे या भूमीत स्वाभाविकच होते. 1674 साली ज्या राज्याचा अभिषेक रायगडावर झाला, ते गडांच्याच आधाराने उभे होते. पुढे 1818 च्या मे महिन्यात तोच रायगड इंग्रजांच्या हाती पडला, आणि हवालदार, सबनीस, कारखानीस यांचा गडावरचा कारभार कायमचा संपला. 1896 साली टिळकांच्या प्रेरणेने रायगडावर शिवोत्सव झाला, तेव्हा ओस पडलेल्या त्या वास्तूंकडे लोकांचे लक्ष पुन्हा वळले.

विटांचे तुकडे आणि धोंडे रचून त्यांवर चिखलात भिजवलेले गोणपाट पसरावे, त्याच्या सुरकुत्यांतून कडेकपारी उमटू द्याव्यात, वरून चाळलेली माती शिंपावी, आणि लक्ष्मीपूजनापर्यंत डोंगर हिरवा होईल अशा बेताने अळीव किंवा मोहरी पेरावी, एवढी विद्या थोरल्या भावंडांकडून धाकट्यांकडे तोंडीच येई. बाकी सारे ज्याच्या त्याच्या बुद्धीवर. काचेच्या तुकड्याचे तळे, रांगोळीचे रस्ते, काड्यापेट्यांचा नगारखाना, गुहेत वाघ आणि शिखरावर सिंहासनस्थ महाराज! कुंभारवाड्यातून आणलेली गवळण बुरुजाहून उंच असे, पण त्याचे कोणालाच वैषम्य वाटत नसे, कारण जे आवडते ते मोठे, हेच तेथील प्रमाणशास्त्र होते.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे 1715 च्या सुमारास, दुर्गबांधणीचे जे नियम सांगितले आहेत, त्यांत आधी पाणी पाहून मग गड बांधावा, दरवाजा खालचा मारा चुकवून बुरुजाच्या आड घ्यावा आणि एकाच दरवाजावर विसंबून राहू नये, ही सूत्रे ठळक आहेत. ज्याने आज्ञापत्राचे नावही ऐकलेले नाही, असा नऊ-दहा वर्षांचा मुलगा, तळे पाझरून बुरूज ढासळला म्हणजे पुढल्या खेपेस तळ्याची जागा आधी धरतो, आणि शेजारच्या मुलीने ‘शत्रू सरळ आत येईल की रे’ म्हणताच मुख्य वाट वळवून घेतो. हे ज्ञान त्याला कोणी दिलेले नसते; ओल्या मातीशी झटताना ते त्याच्या हाती लागते, आणि म्हणून ते त्याचे स्वतःचे असते.

अलीकडे प्लास्टरचे तयार किल्ले दुकानांत मिळतात, आणि मंडळांच्या स्पर्धांत खऱ्या गडाची नकाशाबरहुकूम प्रतिकृती वाखाणली जाते. साल्हेर, खांदेरी ही नावे मुलांच्या तोंडी आली, हा स्पर्धांचा उपकार मी मानतो. परंतु परीक्षक यायचे ठरले, की फूटपट्टी घेऊन वडीलही अंगणात उतरतात, आणि गवळणीला गडावरून खाली यावे लागते. पूर्वी किल्ला पाडण्याचा अधिकारसुद्धा मुलांचाच असे. कोणी उरलेले फटाके भुयारात लावून तो उडवी, कोणी अळीव सुकेपर्यंत राखी. मावळे मात्र पुसून डब्यात जात, आणि पुढल्या वर्षी सर्वस्वी निराळ्या गडावर चढत, कारण जुन्याचा आराखडा कोठेही दफ्तरी दाखल नसे.