ना. म. जोशी मार्ग: डिलाईल रोडला ज्यांचं नाव मिळालं ते जोशी कोण?

मुंबईत सातरस्त्याहून लोअर परळकडे जाणाऱ्या रस्त्याला तीन नावं आहेत. सरकारी मराठीत ‘ना. म. जोशी मार्ग’, इंग्रजी वळणाने ‘एन. एम. जोशी मार्ग’ आणि बोलताना सरळ ‘डिलाईल रोड’. डिलाईल हे इंग्रज अमदानीतलं नाव. कागदावरून ते गेलं, लोकांच्या तोंडातून गेलं नाही.

शेजारच्या आर्थर रोडचा साने गुरुजी मार्ग झाला. ते गुरुजी कोण, हे शाळकरी पोरही सांगेल. इथे मात्र उरली ती आद्याक्षरं. खरं तर गिरणगावातल्या रस्त्याला याहून योग्य नाव मिळणं कठीण होतं.

नारायण मल्हार जोशी यांचा जन्म १८७९ चा, कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचा. १९०९ मध्ये ते गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले आणि १९११ मध्ये त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग सुरू केली. कामगारांसाठी रात्रशाळा, वाचनालयं हे तिचं काम. कामगार रंगभूमीशी जोडलेलं परळचं दामोदर नाट्यगृह याच लीगचं.

पण त्यांचं सर्वांत मोठं काम कायद्याचं. १९२० च्या सुमारास कामगारांना संपावर जायला सांगणं हाच पुढाऱ्यावर खटला भरण्याचा आधार होऊ शकत होता. मद्रासच्या बकिंगहॅम आणि कर्नाटिक गिरण्यांच्या वादात तसंच झालं. कंपनीने कोर्टात धाव घेतली आणि हायकोर्टाने बी. पी. वाडिया व इतर पुढाऱ्यांना मनाई केली. युनियन काढणं गुन्हा नव्हता, पण युनियन चालवणाऱ्याला संरक्षणही नव्हतं. म्हणून जोशींनी १९२१ मध्ये केंद्रीय विधिमंडळात ठराव मांडला: युनियनची नोंदणी आणि तिला संरक्षण देणारा कायदा करा. तो कायदा व्हायला १९२६ उजाडलं. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत तो सामावून घेतला गेला.

जोशी जहाल नव्हते. १९२८ च्या गिरणी संपात ते डांग्यांसारख्या कम्युनिस्टांबरोबर संयुक्त संप समितीत होते, पण पुढच्याच वर्षी आयटकच्या नागपूर अधिवेशनात फाटाफूट झाली. सरकारच्या कामगार आयोगावर बहिष्कार टाकायचा का, हा कळीचा मुद्दा होता आणि जोशी स्वतः त्या आयोगाचे सदस्य! १९२० मध्ये ज्या संघटनेच्या स्थापनेत त्यांचा वाटा होता, ती सोडून त्यांनी मवाळांची वेगळी संघटना उभी केली. काहींनी त्यांना सरकारधार्जिणे ठरवलं. पण १९४० मध्ये ते पुन्हा आयटकचे सरचिटणीस झाले, हेही त्याच हिशेबात धरायला हवं. १९५५ मध्ये त्यांचं निधन झालं.

रस्त्यावर आज गिरण्यांच्या जागी टॉवर आहेत. अपोलो मिलच्या जमिनीवर उंच इमारती उभ्या राहिल्या. मुंबई विकास विभागाने १९२० च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींपैकी ३२ याच मार्गावरच्या. एका खोलीचं क्षेत्रफळ साधारण १६० चौरस फूट. त्यांचा पुनर्विकास म्हाडाकडे आहे आणि म्हाडाच्या कागदांवर ठिकाण लिहिलेलं असतं: ना. म. जोशी मार्ग. तिथले रहिवासी मात्र विचारलं तर सांगतात, ‘आम्ही डिलाईल रोडचे.’