गुडघ्याची दुखापत आणि मल्लाचे पुनरागमन : खाशाबा जाधव ते विनेश फोगाट – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

क्रीडा-इतिहासाच्या लेखनात पदके, विक्रम व विजेते यांना मध्यवर्ती स्थान असते. खेळाडूचे शरीर, त्याला होणाऱ्या दुखापती आणि त्यांवरील उपचार यांची नोंद बहुधा एखाद्या वाक्यात उरकली जाते. दुखापतीमुळे खेळाडूची कारकीर्द संपली तर 'दुर्दैव' आणि तो परत मैदानात उतरला तर 'जिद्द', अशी दोनच कारणे आपल्याकडे दिली जातात. ही दोन्ही कारणे व्यक्तीपुरती मर्यादित असल्यामुळे त्यामागील वैद्यकीय व संस्थात्मक इतिहास झाकला जातो.

प्रस्तुत लेखात भारतीय कुस्तीतील दोन मल्लांची उदाहरणे विचारात घेतली आहेत. पहिले ऑलिम्पिक पदकविजेते खाशाबा जाधव यांचे, ज्यांचे १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकचे स्वप्न गुडघ्याच्या दुखापतीमुळे भंगले. दुसरे विनेश फोगाट यांचे, ज्या २०१६ व २०२३ अशा दोन वेळा गुडघा जायबंदी होऊनही पुन्हा आंतरराष्ट्रीय आखाड्यात उतरल्या. दोघांच्या दुखापती वैद्यकीयदृष्ट्या एकसारख्या होत्या, असा येथे दावा नाही. दुखापतग्रस्त मल्लाभोवती त्या त्या काळात कोणती व्यवस्था उभी होती, याची तुलना करणे एवढाच हेतू आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) गुडघ्याच्या अस्थिबंधावरील उपचारांच्या विकासाचा ऐतिहासिक आढावा घेणे.
२) खाशाबा जाधव व विनेश फोगाट यांच्या काळातील क्रीडाव्यवस्थेची तुलना करणे.
३) खेळाडूच्या पुनरागमनात वैयक्तिक जिद्द आणि संस्थात्मक आधार यांचे परस्परसंबंध तपासणे.

खाशाबा जाधव : लोकाश्रयाचा काळ

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यातील कराडजवळच्या गोळेश्वर या गावी झाला. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ते फ्लायवेट गटात सहावे आले. त्या प्रवासाचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला होता. तांबड्या मातीत वाढलेल्या या मल्लाला मॅटवरील कुस्ती तेथे नवीन होती.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला जाण्यासाठी मात्र पैसा उभा करणे कठीण झाले. कराड परिसरातील लोकांनी वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. २३ जुलै १९५२ रोजी खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक होय. या स्पर्धेसंबंधी एक प्रसंग नेहमी सांगितला जातो. जपानच्या शोहाची इशीशी झालेल्या दीर्घ लढतीनंतर त्यांना लगेच सोव्हिएत मल्लाविरुद्ध उतरविण्यात आले. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती नियमाने मिळायला हवी होती. परंतु त्यांची बाजू मांडण्यास कोणीही भारतीय अधिकारी तेथे हजर नव्हता.

हा प्रसंग सदर विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. खाशाबांच्या मागे गाव होते, प्राचार्य होते, गुरुजन होते. परंतु व्यवस्था नव्हती. मायदेशी परतल्यावर बैलगाड्यांच्या मिरवणुकीने त्यांचे स्वागत झाले आणि प्राचार्यांचे कर्ज फेडण्यासाठी त्यांना पुन्हा कुस्त्यांची मैदाने गाजवावी लागली. म्हणजे ऑलिम्पिक पदकविजेत्याचे शरीर हेच त्याच्या कर्जफेडीचे साधन होते. १९५५ मध्ये ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. मेलबर्नची तयारी मनात असतानाच गुडघ्याला गंभीर दुखापत झाली आणि त्यांची ऑलिम्पिक कारकीर्द तेथेच थांबली. तेव्हा त्यांचे वय तिशीच्या घरात होते. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात त्यांचे निधन झाले. शासनाचा अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर मिळाला.

गुडघ्याच्या उपचारांचा इतिहास

मांडीचे हाड व नडगीचे हाड जेथे मिळतात तेथे, सांध्याच्या आत, दोन अस्थिबंध एकमेकांना छेदून जातात. त्यांपैकी पुढचा अस्थिबंध, ज्याला वैद्यकीय भाषेत अँटिरियर क्रुशिएट लिगामेंट किंवा थोडक्यात एसीएल म्हणतात, नडगीला पुढे सरकू देत नाही आणि शरीर वळताना सांधा स्थिर ठेवतो. मल्ल एका पायावर भार देऊन अंग फिरवतो, तेव्हा या अस्थिबंधावर मोठा ताण येतो. तो तुटला तर माणूस चालू शकतो, परंतु वळताना गुडघा दगा देतो. दोन हाडांमधील कूर्चेची गादीही अशा वेळी अनेकदा फाटते.

दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य गॅलेन याने या अस्थिबंधांचे वर्णन केले. तो पर्गमम येथे ग्लॅडिएटरांचा वैद्य होता, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. शस्त्रक्रियेचा इतिहास मात्र बराच अलीकडचा आहे. १८९५ मध्ये इंग्लंडमधील लीड्स येथे मेयो रॉबसन यांनी एका खाणकामगाराचे तुटलेले अस्थिबंध टाके घालून जोडले. १९१७ मध्ये हे ग्रोव्हज यांनी मांडीच्या बाहेरील पट्ट्याचा भाग वापरून नवा अस्थिबंध तयार करण्याचा मार्ग दाखवला. परंतु पुढील कित्येक दशके ही पद्धत सर्वमान्य झाली नाही.

खाशाबांच्या काळात, म्हणजे १९५० च्या दशकात, गुडघ्यावरील शस्त्रक्रिया सांधा पूर्ण उघडूनच होत असे. फाटलेली कूर्चेची गादी काढून टाकणे हा रूढ उपचार होता. ती काढल्यावर सांध्यात कालांतराने बदल होतात, हे फेअरबँक यांनी १९४८ मध्येच दाखवून दिले होते. शस्त्रक्रियेनंतर किंवा शस्त्रक्रियेविनाही पाय प्लॅस्टरमध्ये अनेक आठवडे ठेवला जाई आणि त्या अवधीत मांडीचे स्नायू क्षीण होत. अमेरिकेत डॉन ओडोनह्यू यांनी १९५० मध्ये खेळाडूंच्या अस्थिबंधांवर त्वरित शस्त्रक्रिया करावी, असा आग्रह धरला. तथापि तुटलेला एसीएल नुसता शिवून टिकत नाही, हे वेस्ट पॉइंट येथील सैनिकी छात्रांच्या पाच वर्षांच्या पाहणीतून फेगिन व कर्ल यांनी १९७६ मध्ये मांडले. त्यामुळे शरीरातील दुसऱ्या ठिकाणची दोरी काढून तेथे बसवणे, म्हणजेच पुनर्रचना करणे, हा मार्ग दृढ झाला. गुडघ्याच्या वाटीखालील दोरीचा असा उपयोग केनेथ जोन्स यांनी १९६३ मध्ये वर्णिला होता.

दुसरा महत्त्वाचा प्रवाह जपानमधून आला. टोकियो येथे केनजी ताकागी यांनी १९१८ मध्ये मूत्राशय पाहण्याच्या नळीने गुडघ्याच्या आत डोकावून पाहिले. त्यांची परंपरा पुढे नेत मासाकी वातानाबे यांनी १९६२ मध्ये दुर्बिणीद्वारे फाटलेल्या गादीचा केवळ खराब भाग काढला. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकच्या वेळी कॅनडाच्या पथकाचे डॉक्टर म्हणून आलेले रॉबर्ट जॅक्सन हे तंत्र वातानाबे यांच्याकडून शिकले व त्यांनी ते उत्तर अमेरिकेत नेले. १९८० मध्ये डेव्हिड डँडी यांनी इंग्लंडमध्ये दुर्बिणीच्या साहाय्याने एसीएलची पुनर्रचना केली. १९९० मध्ये शेलबोर्न व निट्झ यांनी शस्त्रक्रियेनंतर पाय बांधून न ठेवता लवकर हालचाल सुरू करण्याची पद्धत मांडली. शस्त्रक्रियेइतकेच महत्त्व फिजिओथेरपीला मिळाले ते याच टप्प्यावर.

या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. बसवलेली दोरी प्रारंभी आपल्या पेशी गमावते, तिच्यात नव्याने रक्तवाहिन्या येतात आणि अनेक महिन्यांनी ती अस्थिबंधाचे गुण धारण करते. म्हणून खेळात परतण्यासाठी साधारणतः नऊ महिने किंवा त्याहून अधिक काळ लागतो. हा काळ जिद्दीने कमी होत नाही. जिद्द लागते ती तो काळ रोजच्या कंटाळवाण्या व्यायामात काढण्यासाठी. आणि त्या काळात घर चालवण्यासाठी लागतो तो पैसा.

विनेश फोगाट : व्यवस्थेचा काळ आणि तिच्या मर्यादा

१७ ऑगस्ट २०१६ रोजी रिओ ऑलिम्पिकमध्ये ४८ किलो गटाच्या उपांत्यपूर्व फेरीत चीनच्या सुन यानानविरुद्ध लढताना विनेश यांचा गुडघा निखळला. त्यांना स्ट्रेचरवरून बाहेर न्यावे लागले. त्याच महिन्याच्या अखेरीस राष्ट्रपती भवनात अर्जुन पुरस्कार स्वीकारताना त्या चाकांच्या खुर्चीत होत्या. शस्त्रक्रिया व पुनर्वसनानंतर मे २०१७ मध्ये दिल्लीतील आशियाई कुस्ती स्पर्धेत त्यांनी रौप्यपदक मिळवले. २०१८ मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण आणि २० ऑगस्ट २०१८ रोजी जकार्ता येथील आशियाई क्रीडा स्पर्धेत ५० किलो गटात सुवर्ण, असा त्यांचा पुढील प्रवास झाला. आशियाई क्रीडा स्पर्धेत कुस्तीचे सुवर्ण जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत. जकार्तात त्यांची पहिलीच लढत त्याच सुन यानानशी झाली आणि ती त्यांनी ८–२ अशी जिंकली.

खाशाबांच्या तुलनेत विनेश यांच्याभोवती काय होते? १९६१ मध्ये पतियाळा येथे राष्ट्रीय क्रीडा संस्था आणि १९८४ मध्ये भारतीय क्रीडा प्राधिकरण स्थापन झाले होते. गीत सेठी व प्रकाश पदुकोण यांनी २००१ मध्ये सुरू केलेली ऑलिम्पिक गोल्ड क्वेस्ट ही संस्था खेळाडूंच्या उपचारांचा व प्रशिक्षणाचा भार उचलू लागली होती. २०१४ पासून केंद्र शासनाची टार्गेट ऑलिम्पिक पोडियम योजना अस्तित्वात होती. रेल्वेची नोकरी होती. २०२४ मध्ये आपल्या वाटचालीविषयी लिहिताना विनेश यांनी शल्यचिकित्सक डॉ. दिनशॉ पारडीवाला, प्रशिक्षक वोलर अकोश आणि आपल्या फिजिओथेरपिस्टचे नावानिशी ऋण मान्य केले. पुनरागमन हे एकट्याचे काम नाही, याचा हा खेळाडूने स्वतः दिलेला पुरावाच होय.

दुसरी दुखापत या व्यवस्थेच्या मर्यादा दाखवते. २०२३ च्या पूर्वार्धात विनेश व अन्य मल्ल जंतर-मंतर येथील आंदोलनात होते. १३ ऑगस्ट २०२३ रोजी सरावात त्यांच्या डाव्या गुडघ्याला इजा झाली आणि १७ ऑगस्ट रोजी, रिओच्या घटनेला बरोबर सात वर्षे होत असताना, मुंबईत शस्त्रक्रिया झाली. त्या उपचार घेत असताना सप्टेंबरमध्ये बेलग्रेडच्या जागतिक स्पर्धेत अंतिम पंघाल हिने ५३ किलो गटातील ऑलिम्पिक कोटा भारताला मिळवून दिला. विनेश यांचा गट तोच होता. परिणामी त्यांना ५० किलो गटात उतरावे लागले. शस्त्रक्रियेनंतर आठ महिन्यांनी, एप्रिल २०२४ मध्ये, बिश्केक येथे त्यांनी त्या गटाचा कोटा जिंकला. ६ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये त्यांनी आंतरराष्ट्रीय स्पर्धांत तोवर अपराजित असलेल्या जपानच्या युई सुसाकीला हरवले व त्याच दिवशी अंतिम फेरी गाठली. दुसऱ्या दिवशी सकाळी वजन १०० ग्रॅम अधिक भरल्याने त्या अपात्र ठरल्या.

या अपात्रतेची चर्चा वजनापुरती झाली. तिची एक मुळी मात्र आधीच्या वर्षातील दुखापतीपर्यंत जाते. गुडघा बरा झाला, पण उपचारांत गेलेले महिने स्पर्धांच्या वेळापत्रकाने परत दिले नाहीत. त्यांची किंमत वजनगट बदलून चुकवावी लागली. दुखापतीचा हिशेब केवळ क्ष-किरण वा एमआरआयवर मांडता येत नाही, तो स्पर्धेच्या नियमांतही मांडावा लागतो, हे यातून दिसते.

तालमीतील मल्लाचा प्रश्न

वरील प्रगती सर्वांपर्यंत पोहोचली आहे काय, हा प्रश्न महाराष्ट्राच्या संदर्भात अपरिहार्य आहे. कोल्हापूरच्या गंगावेस, मोतीबाग यांसारख्या तालमींत ग्रामीण भागातील शेतकरी कुटुंबांतील मुले आजही राहून सराव करतात. त्यांचा खुराक घरून येतो आणि जत्रेच्या फडातील इनाम ही अनेकांची कमाई असते. अशा मल्लाचा गुडघा दुखावला तर जत्रांचा एक हंगाम पूर्णपणे बुडतो. शस्त्रक्रियेचा खर्च एकदाच होतो. पुढील नऊ महिन्यांचा खुराक, फिजिओथेरपी व प्रवास यांचा खर्च मात्र दरमहा होत राहतो. राष्ट्रीय योजनांच्या यादीत नाव नसलेल्या मल्लाला हा खर्च झेपत नाही. मग मालीश, पट्टी व विश्रांती यांवर भागवून तो पुन्हा फडात उतरतो किंवा कुस्ती सोडतो. वैद्यकशास्त्र २०२४ चे असले तरी त्याच्यापुरता काळ १९५६ मध्येच थांबलेला असतो.

निष्कर्ष

१) गुडघ्याच्या गंभीर दुखापतीनंतरचे पुनरागमन ही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घडून आलेली ऐतिहासिक शक्यता आहे. दुर्बिणीची शस्त्रक्रिया, अस्थिबंधाची पुनर्रचना आणि शास्त्रशुद्ध पुनर्वसन यांच्या संयोगातून ती निर्माण झाली.

२) खाशाबा जाधव यांच्या काळी मल्लाला परदेशी पाठवण्याइतका लोकाश्रय समाजाने दिला, परंतु दुखापतीनंतर त्याला सावरणारी व्यवस्था उभी नव्हती. त्यांच्या न झालेल्या पुनरागमनाला केवळ दुर्दैव म्हणणे इतिहासदृष्ट्या अपुरे आहे.

३) विनेश फोगाट यांच्या उदाहरणात जिद्दीला व्यवस्थेची जोड मिळाली, म्हणून पुनरागमन शक्य झाले. मात्र दुखापतीमुळे गमावलेल्या काळाची भरपाई ही व्यवस्थाही करू शकली नाही.

४) विद्यापीठीय व ग्रामीण स्तरावरील मल्लांसाठी उपचारांबरोबरच पुनर्वसनकाळाचाही समावेश असलेला विमा, जिल्हा स्तरावर क्रीडा फिजिओथेरपीची सोय आणि महाविद्यालयांच्या क्रीडा विभागांकडून दुखापतींची नियमित नोंद, या तीन गोष्टी आवश्यक वाटतात.

१९५२ मध्ये एका महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी आपल्या विद्यार्थ्याच्या प्रवासासाठी घर गहाण ठेवले. त्या त्यागाचा गौरव आपण योग्यच करतो. पण पुढच्या मल्लाच्या गुडघ्यासाठी कोणाला घर गहाण ठेवावे लागू नये, एवढी तजवीज करणे हे आजच्या शिक्षणसंस्थांचे व शासनाचे कर्तव्य आहे.