वार, माधुकरी आणि वसतिगृह

१८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. त्यानंतर बरीच वर्षे मराठी मुलखातल्या मुलाला पदवी मिळवायची तर मुंबई किंवा पुणे गाठावे लागे. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजसारखे अपवाद थोडे होते. कोकणातून, देशावरून मॅट्रिक होऊन आलेल्या मुलापुढे पहिला प्रश्न अभ्यासाचा नसे, जेवायचे कुठे हा असे. त्या पिढीचे विद्यार्थिजीवन कॉलेजच्या नियमांइतकेच, किंबहुना अधिक, पंगतीच्या नियमांनी घडवले.

गरीब ब्राह्मण मुलाला दोन वाटा मोकळ्या होत्या. पहिली वार लावण्याची. सात घरे गाठायची आणि प्रत्येक घरी आठवड्यातला एक दिवस जेवायचे. ओळखीपाळखीने, कोणाच्या तरी शब्दावर ही घरे मिळत. एखादा वार रिकामा राहिला तर त्या दिवशी चुरमुऱ्यांवर भागवायचे किंवा उपास काढायचा. वाराच्या मुलाने आंघोळ करून, सोवळे नेसून वेळेवर पानावर बसावे, वाढतील ते जेवावे आणि घरातले एखादे काम अंगावर पडल्यास नाही म्हणू नये, ही रीत कोणी लिहून ठेवलेली नव्हती, पण मोडण्याची सोयही नव्हती. काही घरांत त्याला मुलासारखे वाढत, काही घरांत त्याचे पान शेवटच्या पंगतीला पडे. दुसरी वाट माधुकरीची. मुंज झालेल्या मुलाने झोळी आणि भांडी घेऊन ठरलेल्या घरांपुढे उभे राहायचे, भात, पोळी, भाजी, वरण जे पडेल ते खोलीवर आणून खायचे. ब्रह्मचाऱ्याने भिक्षा मागून विद्या शिकावी या जुन्या धर्माचरणाचे पाठबळ या प्रथेला होते, म्हणून तीत लाज मानली जात नसे. पुण्यात १९०९ साली सुरू झालेल्या अनाथ विद्यार्थी गृहातली मुलेही माधुकरीवर शिकली.

ज्याच्या घरून थोडे पैसे येत त्याला खाणावळ परवडे. गोपाळ कृष्ण गोखले यांचे वडील लवकर वारले. थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून नोकरी धरली आणि १५ रुपये पगारातले ८ रुपये ते धाकट्याला पाठवत. तेवढ्यात गोखल्यांनी दिवस काढले आणि १८८४ साली एल्फिन्स्टनमधून बी.ए. झाले. अशा एकेका पदवीमागे आख्ख्या कुटुंबाची ओढाताण असे, हे त्या काळाच्या यशोगाथा वाचताना विसरता येत नाही.

डेक्कन कॉलेज १८६८ साली येरवड्याच्या बाजूला, नदीपलीकडे नव्या इमारतीत गेले. गावापासून दूर असल्याने तिथे वसतिगृहातल्या जीवनाला महत्त्व आले. बाळ गंगाधर टिळकांनी कॉलेजातले पहिले वर्ष अभ्यासापेक्षा व्यायामात आणि पोहण्यात घालवले, ते इथेच. वसतिगृहांत एक छप्पर असले तरी एक स्वयंपाकघर असेलच असे नव्हते. मुले वर्गणी काढून, आचारी ठेवून जेवणाचे क्लब चालवत आणि ते बहुधा जातीनुसार वेगळे असत.

कॉलेजचा स्वतःचा धाक मुख्यतः टर्म भरण्याचा होता. हजेरी पुरेशी नसेल तर टर्म मंजूर होत नसे आणि परीक्षेचा अर्ज अडे. प्रीव्हियस, इंटर आणि बी.ए. असे टप्पे होते, आणि नापासांची संख्या मोठी असे. राजकारणाचा प्रश्न पुढे आला तो वंगभंगानंतर. १९०५ च्या दसऱ्याला पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली. तीत पुढाकार घेतल्याबद्दल फर्ग्युसनचे प्राचार्य र. पु. परांजपे यांनी विनायक दामोदर सावरकरांना १० रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढले. शिक्षा कॉलेजातून काढण्याची नव्हती. पण गावात घर नसलेल्या मुलाला वसतिगृह गमावणे म्हणजे काय, हे सगळ्यांना ठाऊक होते. ‘केसरी’ने या कारवाईवर कडाडून टीका केली. १९०७ मध्ये हिंदुस्थान सरकारच्या रिस्ले परिपत्रकाने विद्यार्थी आणि शिक्षकांच्या राजकीय चळवळीतील सहभागाला आळा घालण्याचे धोरण देशभर लागू केले.

वार आणि माधुकरी यांचा आधार फक्त एका समाजाला होता. मराठा, जैन, लिंगायत किंवा मुसलमान मुलासाठी शहरातले एकही दार तसे उघडे नव्हते, आणि अस्पृश्य मानलेल्या मुलाला तर पैसे देऊनही जेवण मिळणे कठीण. ब्राह्मणेतर शिक्षणाची चर्चा करताना शाळा आणि फी यांचाच हिशेब मांडला जातो; खरी अडचण पुष्कळदा राहण्याजेवणाची होती. शाहू महाराजांनी ती अचूक ओळखली. १८९६ साली कोल्हापुरात सर्व जातींसाठी काढलेले राजाराम वसतिगृह काही वर्षांतच केवळ ब्राह्मण मुलांचे होऊन बसले, तेव्हा त्यांनी दुसरा मार्ग धरला. १८ एप्रिल १९०१ रोजी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. पाठोपाठ जैन, मुसलमान, लिंगायत आणि अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी वेगवेगळी वसतिगृहे उभी राहिली. जातवार वसतिगृहे काढणे ही तडजोड होती, पण तिच्यामुळे खेड्यातला मुलगा शहरात टिकू लागला. भीमराव आंबेडकरांना एल्फिन्स्टनमध्ये शिकताना सयाजीराव गायकवाडांची दरमहा २५ रुपये शिष्यवृत्ती होती. १९१२ साली ते पदवीधर झाले, तरी कॉलेजच्या उपाहारगृहात त्यांना चहापाणी मिळत नसे.

मुलींची संख्या बोटांवर मोजण्याइतकी होती. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर कॉर्नेलिया सोराबजी डेक्कन कॉलेजमध्ये शिकल्या. परीक्षेत अव्वल येऊनही, केवळ स्त्री असल्यामुळे, विलायतेची सरकारी शिष्यवृत्ती त्यांना नाकारली गेली. धोंडो केशव कर्वे यांनी हिंगण्याला आधी आश्रम उभारला आणि १९१६ साली महिला विद्यापीठ काढले. राहण्याची खात्री असल्याशिवाय पालक मुलीला पाठवणार नाहीत, हे त्यांना अनुभवाने माहीत होते.

पंगतीचे बंधन उघडपणे मोडले ते भाऊराव पाटलांनी. १९२४ साली सातारा येथे स्थापन केलेल्या त्यांच्या छत्रपती शाहू बोर्डिंगमध्ये सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करत आणि एकाच पंगतीत जेवत. मुलांचा खर्च भागवण्यासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही मोडले. १९४६ साली मुंबईत आंबेडकरांचे सिद्धार्थ कॉलेज निघाले, तेव्हा नोकरी करून शिकणाऱ्यांना सोयीचे म्हणून तिथे सकाळचे वर्ग ठेवण्यात आले. १९४७ साली साताऱ्यात भाऊरावांचे छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले. तिथे ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर विद्यार्थी श्रम करून आपल्या शिक्षणाचा आणि जेवणाचा खर्च स्वतः भागवत.